एकोणचाळीस अंक आणि कोसंबींचं हरवलेलं पुस्तक

१८७६ साली घडलेल्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. फ्रान्समध्ये एदुआर ल्युका नावाच्या गणितज्ञाने जाहीर केलं, की २ चा १२७वा घात काढून त्यातून १ वजा केला की येणारी संख्या मूळ आहे. १ आणि ती स्वतः, एवढेच तिचे विभाजक. आणि त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला, पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात, आज मुरगाव तालुक्यात मोडणाऱ्या सांकवाळ गावी धर्मानंद कोसंबी जन्मले.

ल्युकाची संख्या ३९ अंकी आहे. पूर्ण लिहिली तर ती अशी दिसते:

१७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७

पुढची ७५ वर्षं याहून मोठी मूळ संख्या जगात कुणालाही ठाऊक नव्हती. तेवढ्या काळात धर्मानंदांनी घर सोडलं, काशी, नेपाळ आणि सिंहलद्वीप पालथं घातलं, पालीचे पंडित म्हणून देशोदेशी नाव कमावलं आणि १९४७ साली सेवाग्रामला प्रायोपवेशनाने देह ठेवला. त्यांचा मुलगा दामोदर गणिताचा प्राध्यापक झाला आणि पन्नाशीच्या सुमाराला मूळ संख्यांच्या मागे लागला.

ल्युकाचा प्रश्न एका संख्येबद्दल होता: ही मूळ आहे की नाही? दामोदर कोसंबींचा प्रश्न साऱ्या मूळ संख्यांबद्दल होता: या सगळ्या मिळून वागतात कशा? पहिल्या प्रश्नाचं उत्तर निर्विवाद मिळालं. दुसऱ्याचं कोसंबींनी दिलेलं उत्तर गणितज्ञांनी मान्य केलं नाही. गोव्यात कोसंबींचं नाव आदराने घेतलं जातं ते इतिहासकार म्हणून. त्यांचं गणित, त्यातही फसलेलं गणित, आपण गुंडाळून ठेवलं आहे. ते उलगडून पाहण्याजोगं आहे, आणि त्यासाठी आधी कोसंबींच्या घराण्याशी आणि ल्युकाच्या संख्येशी ओळख करून घेतलेली बरी.

सांकवाळचं घराणं

वास्कोहून कुठ्ठाळीकडे जाताना सांकवाळ लागतं. वर पठारावर झुआरीनगर, खताचा कारखाना आणि २००४पासून बिट्स पिलानीचं गोवा संकुल. खाली झुआरीच्या बाजूला जुन्या चर्चची एकटी दर्शनी भिंत उभी आहे. मागचं चर्च केव्हाच गेलं. गावातली मूळची दैवतंही इथे नाहीत. सोळाव्या शतकातल्या देवळांच्या मोडतोडीच्या काळात लक्ष्मीनृसिंह वेलिंगला गेला आणि विजयादुर्गा केरीला, म्हणजे दोघंही फोंड्याच्या बाजूला.

अशा गावात वाढलेल्या धर्मानंदांचं शालेय शिक्षण जेमतेमच झालं. 'बालबोध' मासिकातलं बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आलं आणि मनाने त्याचा ध्यास घेतला. १८९९च्या अखेरीस ते घराबाहेर पडले ते संस्कृत आणि पाली शिकण्यासाठी. अकरा वर्षांनी, १९१० साली, हेच गृहस्थ 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात पोचले. पुढे काही वर्षं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवलं, आणि १९१८ साली पुन्हा अमेरिकेला निघाले तेव्हा मुलाला बरोबर नेलं.

हा मुलगा म्हणजे दामोदर. जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यातलाच. शाळा अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये, पदवी हार्वर्डची, १९२९ सालची. बनारस हिंदू विद्यापीठात दोन वर्षं काढून ते अलीगढला गेले. तिथे गणित विभागाची सूत्रं आंद्रे वेय या पंचविशीतल्या फ्रेंच माणसाच्या हाती होती. त्यानेच कोसंबींना बोलावून घेतलं. वेयच्या सांगण्यावरून कोसंबींनी १९३१ साली एक थट्टेखोर निबंध छापला. त्यात बूर्बाकी नावाच्या काल्पनिक गणितज्ञाचा हवाला होता. पुढे फ्रान्समधल्या तरुण गणितज्ञांच्या एका मंडळाने याच नावाने पुस्तकं लिहून विसाव्या शतकातल्या गणिताची भाषा बदलली. छापील गणितात बूर्बाकीचं नाव पहिल्यांदा उमटलं ते एका गोवेकराच्या लेखणीतून, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

अलीगढनंतर फर्ग्युसन कॉलेज, आणि १९४५पासून होमी भाभांच्या निमंत्रणावरून टाटा मूलभूत संशोधन संस्था. मुक्काम पुण्यालाच. रोज डेक्कन क्वीनने मुंबई गाठायची आणि संध्याकाळी परत यायचं.

एका संख्येची परीक्षा

२ चा एखादा घात घेऊन १ वजा केला की येणाऱ्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. मारँ मर्सेन हा सतराव्या शतकातला फ्रेंच पाद्री. १६४४ साली त्याने यादी दिली, की घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ असेल तर संख्या मूळ येते. २५७पर्यंतच्या बाकीच्या घातांकांना येत नाही. यादी बरीचशी अंदाजपंचे होती. ६७ आणि २५७ चुकीचे निघाले; ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. १२७ मात्र खरा ठरला, आणि तो खरा ठरायला २३२ वर्षं लागली.

इतकी वर्षं लागली, कारण सरळ भागाकाराने ही संख्या हाती येत नाही. संख्या मूळ आहे का हे पाहायचं तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या संख्यांनी भागून पाहावं लागतं. या ३९ अंकी संख्येचं वर्गमूळ २० अंकी आहे. सेकंदाला एक अब्ज भागाकार करणारं यंत्र बसवलं तरी साऱ्या संख्या संपवायला चारशेहून अधिक वर्षं जातील. १८७६ साली तर कागद आणि पेन्सिल एवढंच यंत्र होतं.

ल्युकाने भागाकाराचा रस्ताच सोडला. त्याची रीत आज जिला ल्युका-लेमर कसोटी म्हणतात त्या सुटसुटीत रूपात १९३०च्या सुमारास डी. एच. लेमर यांनी बसवली. ती इतकी सोपी आहे की आठवीतलं पोर करील. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, २ वजा करायचे, आणि जिची परीक्षा आहे त्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवायची. हेच पुन्हा पुन्हा. घातांक ७ असेल तर पाच वेळा, १२७ असेल तर १२५ वेळा, म्हणजे घातांकाहून दोन कमी. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही आली तर संयुक्त.

लहान उदाहरण घेऊ. २ चा ७वा घात उणे १ म्हणजे १२७. पहिली पायरी: ४ चा वर्ग १६, उणे २, म्हणजे १४. दुसरी: १४ चा वर्ग १९६, उणे २, म्हणजे १९४, १२७ने भागून बाकी ६७. तिसरी: ६७ चा वर्ग ४४८९, उणे २, ४४८७; बाकी ४२. चौथी: ४२ चा वर्ग १७६४, उणे २, १७६२, बाकी १११. पाचवी: १११ चा वर्ग १२३२१, उणे २, १२३१९, आणि १२३१९ म्हणजे बरोबर १२७ गुणिले ९७. बाकी शून्य. १२७ मूळ आहे, आणि हे कळायला ३, ५, ७ किंवा ११ने एकदाही भागावं लागलं नाही.

या रीतीत आणखी एक फायदा मिळतो. २ चा घात उणे १ या आकाराच्या संख्येने बाकी काढायला खरा भागाकार लागतच नाही. संख्या द्विमान पद्धतीत लिहायची, १२७-१२७ अंकांचे तुकडे पाडायचे आणि तुकड्यांची बेरीज करायची. आपण अंकांची बेरीज करून ९ची बाकी काढतो, तोच हा खेळ, फक्त दहाच्या जागी दोन. ल्युकाने तर पटासारख्या चौकटींवर सोंगट्या मांडून हे गुणाकार करण्याची सोय सुचवली होती.

हा माणूसच कोड्यांचा होता. 'हनोईचा मनोरा' हा लाकडी चकत्यांचा खेळ त्यानेच १८८३ साली बाजारात आणला, आणि त्याला जोडून काशीच्या मंदिरातले पुजारी सोन्याच्या ६४ चकत्या हलवत बसले आहेत अशी दंतकथा रचली. सात चकत्यांचा मनोरा हलवायला १२७ चाली लागतात. १२७ चकत्यांचा मनोरा हलवायला किती? बरोबर ल्युकाची ३९ अंकी संख्या, ना एक कमी, ना एक जास्त.

या संख्येला एक घराणंही आहे. २ चा दुसरा घात उणे १ म्हणजे ३. २ चा तिसरा घात उणे १ म्हणजे ७. सातवा घात उणे १ म्हणजे १२७. १२७वा घात उणे १ म्हणजे आपली संख्या. चारही मूळ. मग पुढची, म्हणजे २ चा इतकावा घात उणे १, हीसुद्धा मूळ असेल का? ती संख्या इतकी अवाढव्य आहे की तिचे अंक लिहायला विश्वातले सारे संगणक पुरणार नाहीत. तिच्यावर ल्युकाची कसोटी चालवण्याचा प्रश्नच येत नाही.

त्याच कसोटीने ल्युकाला हेही कळलं, की घातांक ६७ची संख्या संयुक्त आहे. पण तिचे अवयव कोणते? ते कळायला १९०३ उजाडलं. अमेरिकी गणितज्ञ फ्रँक कोल परिषदेत फळ्यापाशी गेले आणि चकार शब्द न काढता १९,३७,०७,७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार करून दाखवला. मोठ्या संख्यांचा हा गुण ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एखादी संख्या फुटते हे सिद्ध करणं एक, आणि ती कुठे फुटते ते सांगणं दुसरं. आजची संगणकी कुलपं याच फरकावर उभी आहेत.

ल्युकाच्या संख्येचा विक्रम १९५१ साली मोडला. आधी फेरिए यांनी टेबलावरच्या यांत्रिक गणकावर ४४ अंकी मूळ संख्या सिद्ध केली. पाठोपाठ मिलर आणि व्हीलर यांनी केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर ७९ अंकी संख्या शोधली. ती बांधली होती ल्युकाच्याच संख्येवर: तिचा वर्ग, गुणिले १८०, अधिक १. हाताने सिद्ध झालेली सर्वांत मोठी मूळ संख्या म्हणून मात्र ल्युकाचा मान अजून कुणी घेतलेला नाही.

ढिगाचा प्रश्न

कोसंबींचा पिंड वेगळा. त्यांच्या कामावरून नजर फिरवली की एक सवय सारखी दिसते. तक्षशिलेला सापडलेल्या आहत नाण्यांचा अभ्यास त्यांनी केला तो नाणी तराजूत घालून. एकेका नाण्यावरची चिन्हं वाचण्याचं काम इतरही करत होते. कोसंबींनी शेकड्यांनी नाणी तोलली आणि वजनं घटण्यातली शिस्त शोधली, कारण नाणं जितका काळ हातोहात फिरतं तितकं झिजतं. एक नाणं काही सांगत नाही, ढीग सांगतो.

१९४३ साली त्यांनी सांख्यिकीत जी कल्पना मांडली तीच पुढे युरोपात कार्हुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडली आणि त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. १९४४ साली त्यांनी जनुकांमधली अंतरं मोजण्याचं एक सूत्र दिलं. पिकांचे जनुकीय नकाशे करणारे शास्त्रज्ञ ते आजही 'कोसंबी फलन' म्हणून वापरतात. भर्तृहरीच्या श्लोकांची चिकित्सक आवृत्ती करतानाही त्यांनी शेकडो हस्तलिखितांचा असाच ढीग उपसला.

या सवयीच्या माणसाला मूळ संख्यांनी ओढून घेतलं यात नवल नाही. एकेकटी मूळ संख्या हट्टी असते; पुढची कुठे येईल सांगता येत नाही. पण ढीग शिस्तीचा आहे. १०० पर्यंत मूळ संख्या २५. हजारापर्यंत १६८. दहा लाखांपर्यंत ७८,४९८. एक कोटीपर्यंत ६,६४,५७९. जसजसं पुढे जावं तसतशा त्या विरळ होतात, आणि किती विरळ हे लघुगणक सांगतो. हजाराच्या आसपास सरासरी सातांत एक. ल्युकाच्या संख्येच्या परिसरात, जिथे संख्या ३९ अंकी आहेत, सरासरी ८८त एक. हा अंदाज गाऊसने पोरवयात बांधला आणि १८९६ साली आदामार आणि द ला व्हाले पूसँ यांनी सिद्ध केला.

खरा प्रश्न त्यापुढचा: अंदाज आणि वस्तुस्थिती यांत फरक किती पडतो? कोटीपर्यंत सूत्राचा अंदाज ६,६४,९१८. खरा आकडा त्याहून ३३९ने कमी. कोटीचं वर्गमूळ ३,१६२. फरक त्याच्या आतच आहे. रीमान या जर्मन गणितज्ञाने १८५९ साली जे गृहीतक मांडलं त्याचा एक अर्थ असा, की कितीही दूर गेलात तरी हा फरक वर्गमुळाच्या मापातच राहील. हे आजतागायत कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही.

वर्गमुळाचं माप ऐकलं की सांख्यिकी जाणणाऱ्याचे कान टवकारतात. नाणं कोटी वेळा उडवलं तर छापांची संख्या निम्म्यापासून साधारण वर्गमुळाच्या मापानेच ढळते. मग मूळ संख्या म्हणजे निसर्गाने उडवलेली नाणीच का मानू नयेत? त्यांचा हिशेब संभाव्यतेच्या नियमांनी का करू नये?

१९५९

कोसंबींनी तो केला. १९५९ साली भारतीय कृषी सांख्यिकी संस्थेच्या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. संभाव्यतेच्या वाटेने रीमान गृहीतक सर करण्याचा दावा त्यात होता. संख्याशास्त्रातल्या जाणत्यांनी तो स्वीकारला नाही. १९६२ साली टाटा संस्थेतली त्यांची नोकरी संपली. १९६३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात मूळ संख्यांच्या नमुना-वाटपावर त्यांचा चार पानी निबंध प्रसिद्ध झाला. याच विषयावरचे काही निबंध त्यांनी एस. ड्युक्रे या टोपणनावाने छापले. मूळ संख्यांवर एक अख्खं पुस्तक त्यांनी लिहून हातावेगळं केलं होतं. २९ जून १९६६ रोजी झोपेतच त्यांना मृत्यू आला, आणि ते हस्तलिखित पुढे कुणाच्या हाती लागलं नाही.

अडचण कुठे आहे ती कागदावर दाखवता येते. हजाराच्या आसपास सातांत एक मूळ, म्हणून १००१पासून सात-सात संख्यांचे २० गट पाडावे. सरासरीने प्रत्येक गटात एक मूळ संख्या यावी. संभाव्यतेचा जो नियम पॉयसाँच्या नावाने ओळखला जातो तो लावला तर २० गटांपैकी सुमारे ७ रिकामे, ७ गटांत एकेक, ४ गटांत दोन-दोन आणि २ गटांत तीन किंवा अधिक मूळ संख्या निघाव्यात. प्रत्यक्षात १००१ ते ११४० या पट्ट्यात ५ गट रिकामे निघतात, ९ गटांत एकेक, ६ गटांत दोन-दोन. तीन असलेला गट एकही नाही.

आता १०९१, १०९३ आणि १०९७ पाहा. तिन्ही मूळ, अवघ्या सात संख्यांच्या आत. पण आपला एक गट १०९१ला संपला, म्हणून त्या दोन गटांत विभागल्या गेल्या. गटांची सुरुवात दुसरीकडून केली असती तर तीनचा गट मिळाला असता. म्हणजे गट कुठून सुरू करायचा हेही योगायोगावर सोपवलं पाहिजे. कोसंबींच्या मांडणीत यादृच्छिक नमुन्यांवर भर होता तो उगाच नव्हे.

पण खोट आणखी खोल आहे. खऱ्या नाण्याला आठवण नसते. मूळ संख्यांना असते. एक विषम मूळ संख्या आली की तिच्या शेजारची येणार नाही हे ठरलेलंच, कारण ती सम असते. ३च्या पाढ्यातल्या, ५च्या पाढ्यातल्या जागा आधीच बाद. सांख्यिकी सांगते ते 'बहुतेक सर्व' मालिकांबद्दल. मूळ संख्यांची मालिका मात्र जगात एकच आहे. बहुतेकांना लागू पडलेला नियम या एकीलाही लागू आहे हे वेगळं सिद्ध करावं लागतं. संभाव्यतेच्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला ही दरी लागते, आणि ती ओलांडणारा पूल आजही बांधून झालेला नाही.

ल्युकासारखी बाकी शून्य आणून दाखवण्याची सोय इथे नव्हती. आपल्या देवळालीचे कापरेकर मास्तर आठवा. चारही अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, करत राहा, शेवटी ६१७४ येते. त्यांनी हे आडबाजूच्या नियतकालिकांत आणि स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांत लिहिलं तरी ते टिकलं, कारण कुणालाही घरबसल्या ताळा पाहता येतो. रीमान गृहीतकाचा ताळा पाहू शकणारे जगात मोजकेच. त्यांच्यासमोर मांडणी ठेवणं आणि त्यांच्या शंकांना तोंड देणं याला पर्याय नसतो. कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात ती माणसं भेटत नाहीत.

विशेष म्हणजे कोसंबींना अलीगढला नेणाऱ्या वेयनेच रीमान गृहीतकाचं एक भावंड सिद्ध केलं. १९४० साली लष्करी सेवा टाळल्याबद्दल तो फ्रान्समध्ये रुआंच्या तुरुंगात होता. त्या कोठडीत त्याला वाट सापडली. पूर्ण सिद्धता रचायला पुढे आठ वर्षं गेली, कारण त्यासाठी लागणारी भूमिती आधी पायापासून उभी करावी लागली.

पुढे काय झालं

कोसंबींचा दावा टिकला नाही, पण त्यांनी ज्या दिशेला बोट दाखवलं ती ओसाड नव्हती. १९७६ साली पॅट्रिक गॅलघर यांनी दाखवलं, की हार्डी आणि लिटलवूड यांचं मूळ संख्यांच्या पुंजक्यांविषयीचं जुनं अनुमान खरं मानलं, तर लहान टप्प्यांत मूळ संख्यांची वाटणी पॉयसाँच्या नियमानेच होते. १९८५ साली हेल्मुट मायर यांनी दुसरी बाजू दाखवली: टप्पे थोडे मोठे घेतले की नाण्याची उपमा कोसळते. दोन्ही निकाल एकत्र वाचले की कोसंबींच्या कल्पनेची कुवत आणि मर्यादा दोन्ही कळतात.

संभाव्यतेला एका संख्येच्या परीक्षेतही जागा मिळाली, ती मात्र वेगळ्या दाराने. गॅरी मिलर आणि मायकेल रेबिन यांच्या कसोटीत एक यादृच्छिक संख्या निवडून साक्षीला बोलावतात. दिलेली संख्या संयुक्त असेल तर एका फेरीत ती निसटून जाण्याची शक्यता फार तर चारांत एक. वीस फेऱ्या घेतल्या की शक्यता एक लाख कोटींत एकाहून कमी. बँकेच्या व्यवहारांना लागणाऱ्या तीनशे-तीनशे अंकी मूळ संख्या संगणक अशाच कसोट्यांनी क्षणार्धात निवडतात. इथे योगायोग संख्येत नाही, परीक्षकाच्या निवडीत आहे. म्हणून हिशेब पक्का बसतो.

आणि मग २००२चा ऑगस्ट. कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल यांनी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या दोन विद्यार्थ्यांसह एक रीत काढली. कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे ती खात्रीने आणि वेगात सांगते. नशिबावर काही सोडत नाही, कुठलंही गृहीतक मानत नाही. नऊ पानांचा निबंध त्यांनी जगभरच्या जाणकारांना पाठवला. काही दिवसांतच तो खरा असल्याचा निर्वाळा आला. २००६ साली त्यांना गोडेल पारितोषिक मिळालं.

ल्युकाची रीतही म्हातारी झालेली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट या अमेरिकी तरुणाने ग्राफिक्सच्या चिपांची फौज लावून नवा विक्रम केला: २ चा १३,६२,७९,८४१वा घात उणे १. अंक चार कोटी दहा लाखांहून जास्त. ती मूळ असल्याचा शेवटचा निवाडा ४ पासून सुरू होणाऱ्या त्याच कसोटीने दिला.

या विक्रमी संख्येचा रोजच्या जगण्यात उपयोग शून्य. ल्युकाच्या ३९ अंकी संख्येचा मात्र आहे. बाकी काढायला सोपी म्हणून २०१५ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 'फोरक्यू' ही सांकेतिक पद्धत तिच्यावरच उभारली. तिच्याच जातकुळीची ७७ अंकी मूळ संख्या, २ चा २५५वा घात उणे १९, व्हॉट्सॲपचे निरोप कुलूपबंद करण्याच्या कामी येते. मुरगाव बंदरातल्या बोटीवरून घरी गेलेला फोटो असो की डिचोलीच्या बाजारातून आलेली सामानाची यादी, प्रत्येकामागे एका मोठ्या मूळ संख्येचा पहारा असतो.

गोव्याकडून एवढंच

कोसंबींच्या नावाने गोवा विद्यापीठात सामाजिकशास्त्रांचं संकुल आहे. पणजीत त्यांच्या नावाचा विचार महोत्सव भरतो. जन्मशताब्दीच्या निमित्ताने २००८ साली टपाल तिकीट निघालं. हे सगळं योग्यच आहे. पण पोटापाण्यासाठी आणि जिवाभावाने हा माणूस आयुष्यभर गणिती होता, आणि त्याच्या इतिहासलेखनाची धार त्याच गणिती सवयीतून आलेली आहे. २०१६ साली राम रामस्वामी यांनी कोसंबींचे गणित आणि सांख्यिकीतले निवडक निबंध संपादित करून एका खंडात आणले आहेत. तो खंड गोव्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हवा, आणि त्यातल्या गणिताची ओळख मराठीत आणि कोकणीत लिहिली जायला हवी. १९५९च्या निबंधाची सुद्धा, त्यात काय चुकलं त्यासकट. नाण्यांच्या वजनांत आणि बौद्ध लेण्यांत पुराव्याशिवाय एक पाऊल न टाकणाऱ्या माणसाचा मान राखायचा तर त्याची चूक झाकून तो राखला जात नाही.

शाळांना एक विनंती. ३१ जुलैला कोसंबींच्या जन्मदिवशी मुरगावात, पेडण्यात, डिचोलीत भाषणाऐवजी फळ्यावर एक गणित घ्यावं. २ चा १३वा घात उणे १ म्हणजे ८१९१. ४ पासून सुरुवात, वर्ग करा, २ वजा करा, ८१९१ने भागून बाकी ठेवा. अकरा पायऱ्या आहेत. मुलांना वर्ग आणि भागाकार आले म्हणजे पुरे. अकराव्या पायरीला बाकी शून्य आली पाहिजे. नाही आली तर कुठल्या तरी पायरीला चूक झाली आहे, ती मुलांनीच शोधून काढावी.